देवीचंही ऐकलं, मॅडमचंही ऐकलं

माझं वजन एकशे तीन किलो होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. एकशे तीन, वय चोपन्न, शुगर नऊ वर्षांची, बीपी सहा वर्षांचं, आणि दोन्ही गुडघे असे की खुर्चीतून उठताना मी देवाचं नाव घ्यायची आणि बसताना आईचं.

मी आष्ट्यात राहते. पुरणपोळ्या, करंज्या, चकल्या, नवरात्रात कडाकण्या असं घरून करून देते. माझ्या हातची पोळी खाल्लेली माणसं सांगलीपर्यंत आहेत. पण हे काम उभ्याचं आहे. बसून पोळी लाटता येते, भाजता येत नाही. गेली सहा वर्षं मी ओट्याला पोट टेकून, एक पाय हवेत धरून पोळ्या भाजत होते. पाहणाऱ्याला वाटावं, बाई नाचतेय.

सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "मावशी, गुडघे बदलायला लागणार. पण वजन नव्वदच्या आत आणा, मगच टेबलावर घेतो. आत्ता केलं तर तुमचाही जीव धोक्यात आणि नवा गुडघाही."

मला वाटलं, दुकानात गेले आणि आपल्या मापाचं नाही म्हणून परत पाठवलं. बाहेर आल्यावर बाकावर बसून रडले. आमचे मालक सैन्यातून निवृत्त झालेले, आता कुपवाडच्या एका कारखान्यात गेटवर असतात. त्यांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधी कळलेलं नाही. ते म्हणाले, "तेरा किलोच तर हाय. आमी पाठीवर ह्याच्यापेक्षा जास्त घेऊन डोंगर चढलोय."

"तुमी चढून उतरून ठेवलं," मी म्हटलं. "मला उतरून ठेवता येतंय व्हय?"

कागद

त्याच दवाखान्यात आहाराच्या मॅडम होत्या, निलोफर मॅडम. वय असेल तिशीचं. मला वाटलं, ही काडीएवढी पोरगी मला काय शिकवणार. पण तिनं पहिल्यांदा माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "मावशी, दिवसभरात तोंडात काय काय जातं? चव बघायला घेतलेलंसुद्धा सांगा." मी खरं सांगितलं. पुरणाची चव, सारणाची चव, चकलीचं मोडलेलं टोक. तिनं लिहून घेतलं. माझं मोडलेलं टोक कागदावर बघून मलाच हसू आलं.

मग तिनं माझा कागद केला. कमी उष्मांकाचा, जास्त प्रथिनांचा आहार. सकाळी अंडी किंवा मुगाचं धिरडं, दुपारी एक भाकरी, वाटीभर उसळ, दही, काकडी-कोबी, संध्याकाळी फुटाणे, रात्री पनीर नाहीतर चिकनचे चार तुकडे आणि भाजी. साबुदाणा, बटाटा, रताळं, केळं, तळलेलं, सगळं बंद. मी विचारलं, एवढी अंडी-डाळी कशाला? ती म्हणाली, "वजन उतरताना चरबी जायला पाहिजे, मांडीची ताकद नाही. ऑपरेशननंतर याच मांडीवर उभं राहायचंय तुम्हाला."

तिनं शुगरच्या डॉक्टरांना सांगून त्याच दिवशी एक गोळी अर्धी करून घेतली. आणि कागदाच्या तळाला लाल पेनानं लिहिलं: दर पंधरा दिवसांनी येणे. जेवण चुकवायचे नाही. जेवणात काही बदल केला तर आधी फोन.

ह्या तीन ओळी मी वाचल्या. नंतर त्यांचं काय झालं ते सांगतेच.

पहिले आठ दिवस लय वाईट गेले. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि पुरणाचा वास आला की मला माझ्याच घरात परकं वाटायचं. मी मालकांवर उखडायचे, भांडी आपटायचे. मग पाणी वाढवलं, भाज्या वाढवल्या, मॅडमनी फोनवर दोन गोष्टी बदलून दिल्या, आणि गाडी रुळावर आली. जून ते सप्टेंबर, एकशे तीनवरून पंच्याण्णव. ब्लाऊजला आतून शिवण घालायला लागली. शेजारची शालन, जी माझ्याबरोबर लाटायला असते, ती म्हणाली, "कमल, त्यो कागद मला बी दे की." मी दिला. झेरॉक्स काढून दिला. आपण म्हणजे जशी काही मोठी डॉक्टरीण.

पहिली माळ

मग नवरात्र आलं.

आमच्या घरी घट बसतो. नऊ दिवस घरातल्या सुनेचा उपास, हे माझ्या सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. ऐंशीच्या आहेत, पण डोळ्यांत धाक तसाच. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, तू ह्या वर्षी धरणार का. विचारायचं काय त्यात? मीही सांगितलं नाही. बत्तीस वर्षं धरलेला उपास सोडायचा, तोही घट समोर असताना? माझी जीभ उचलली नाही.

आता गंमत बघा. उपासाला अंडी नाहीत, डाळ नाही, उसळ नाही, भाकरी नाही, चिकनचं तर नावच नको. हे देवीचं. साबुदाणा नाही, बटाटा नाही, रताळं नाही, केळं नाही, तळलेले काप नाहीत. हे मॅडमचं. दोन्ही याद्या मी मनात शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोघींचंही ऐकलं. मग ताटात काय उरलं? काकडी, वाटीभर ताक आणि बिनसाखरेचा चहा. मूठभर शेंगदाणे चालले असते, पण मॅडमनी मोजून खा म्हणून सांगितलेलं. मोजायचा कंटाळा, म्हणून तेही सोडले.

आणि खोटं का बोलू, मला ते आवडलं. वाटलं, देवीचं पुण्य बी मिळतंय आणि वजन बी उतरतंय. एका दगडात दोन पक्षी.

गोळ्या? त्या मात्र वेळच्या वेळी. नऊ वर्षं सगळ्या डॉक्टरांनी एकच घोकून घेतलेलं, गोळी चुकवायची नाही. जेवण चुकलं तरी मी गोळी चुकवली नाही. जेवल्याशिवाय ती गोळी घ्यायचीच नसते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि पंधरा दिवसांची भेट नेमकी दुसऱ्या माळेला होती. घटाचं करायचं सोडून सांगलीला कोण जाणार? मॅडमना फोन करायचा होता. पण मुसलमान पोरगी, तिला आपल्या घटाचं काय कळणार, असंही मनात आलं. लाज वाटते आता लिहायला, पण आलं.

तिसऱ्या माळेपासून घाम फुटायला लागला. हात कापायचे, डोळ्यांपुढं काजवे. मी म्हणायची, उपासाचंच आहे, देवी परीक्षा बघते.

सहावी माळ

आठव्या माळेला घटावर कडाकण्या बांधतात. रव्या-मैद्याच्या गोड, कडक पुऱ्या, दोरीत ओवून घटावर टांगायच्या. म्हणून सहाव्या माळेला माझ्याकडं कडाकण्यांचा डोंगर असतो. सकाळी अकराची वेळ. शालन लाटत होती, मी तळत होते. पोटात आदल्या दिवसापासून ताकाशिवाय काही नाही.

त्यानंतरचं मला आठवत नाही. शालननं सांगितलं ते सांगते.

मी झारा खाली टाकला आणि थरथरायला लागले. सगळं अंग घामानं निथळलं. डोळे फिरवले. मग काहीतरी बडबडायला लागले, शब्द धड नाहीत, आवाज घोगरा. शालननं आधी गॅस बंद केला. तेवढं एक तिनं देवमाणसासारखं केलं, नाहीतर कढई माझ्या अंगावर होती. मग ती ओरडली, "आत्याबाई, पळा! देवी आलीया कमलच्या अंगात!"

कुणाला वाटणार नाही? नवरात्र, घट समोर, सहा दिवसांची उपाशी बाई घुमतेय. आत्याबाई काठी टाकून आल्या. मला घटापुढं बसवलं. कपाळावर मळवट भरला, ओटीत नारळ घातला. दोघी हात जोडून बसल्या. आत्याबाईंनी विचारलं म्हणे, "आई, काय चुकलं आमचं? सांग." मी म्हणे बडबडले. शालनला त्यातलं 'चहा' एवढंच कळलं. त्यांनी देवीला चहा कसा द्यायचा म्हणून दिला नाही!

आज आम्ही ह्यावर हसतो. पण चहा दिला असता तरी काय, माझा चहा बिनसाखरेचा.

अर्धा तास गेला. गल्लीतल्या दोन बायका पाया पडून गेल्या. तोवर मालक रात्रपाळी आणि बाजार उरकून आले. त्यांनी दारातून बघितलं. पलटणीत त्यांचा एक सुभेदार शुगरवाला होता, त्याला त्यांनी असं पडताना बघितलेलं. गाडीवरून उतरले तसे आत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले, "देवी न्हाई आई, साखर उतरलीया तिची! गूळ आण!"

मी गिळण्याच्या अवस्थेत नव्हते. त्यांनी गूळ पाण्यात कालवला आणि बोटानं माझ्या हिरडीला, गालाच्या आत थोडा थोडा चोळत राहिले. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बोट टोचलं तेव्हा साखर अडतीस होती. तिथंच शिरेतून ग्लुकोज दिलं आणि सांगलीला न्यायला सांगितलं. गाडीत मी डोळे उघडले तेव्हा कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून डोळ्यांत गेलेलं. मला वाटलं, रक्त. मी मालकांना विचारलं, "मी पडले का कुठं?" त्यांचं बोट गुळानं चिकट झालेलं आणि ते माझा हात सोडत नव्हते.

वॉर्डात

दवाखान्यात चार दिवस होते. पहिले दोन दिवस तासातासाला बोट टोचायचे. मी म्हटलं, सिस्टर, एकदा भरलं ना ग्लुकोज? ती म्हणाली, "मावशी, तुमची गोळी अजून पोटात काम करतेय. साखर पुन्हा उतरू शकते." पोटॅशियम कमी झालेलं, अंगातलं पाणी कमी झालेलं, किडनीच्या तपासण्या थोड्या बिघडलेल्या. सलाईन लागलं. त्या किडनीच्या शब्दानं मी खरी घाबरले. गुडघ्यांवाचून माणूस जगतं. पडून पडून मी एकच विचार करायचे: आता ऑपरेशन होणार नाही. माझे पाय मी माझ्या हातानं घालवले.

त्यात मालक आणि माझं भांडण. ते म्हणाले, "बास झालं डाएट-बिएट. घरी चल, पोटभर जेव. न्हाई उभं राहता आलं तर न्हाई. मी भाजीन पोळ्या."

"तुमी?" मी म्हटलं. "तुमच्या हातची पोळी सीमेवर नेऊन टाका, शत्रू पळंल."

ते हसले नाहीत. म्हणाले, "कमल, सोताला बघितलं नव्हतंस तू. मी बघितलं." आणि तोंड फिरवून खिडकीकडं गेले. तेव्हा मला कळलं, भीती माझ्या एकटीची नव्हती.

दुपारी निलोफर मॅडम आल्या. मला वाटलं, आता ओरडणार. त्या स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "मावशी, मला का नाही सांगितलं?"

मी खाली बघत म्हटलं, "तुमाला उपासाचं काय सांगायचं?"

त्या हसल्या. "अवो मावशी, मी तीस दिवस रोजे धरते. थुंकी गिळू का नको ह्याचा हिशोब करणाऱ्या घरातली आहे मी. माझ्या आईला शुगर आहे. तिला डॉक्टरांनी सांगितलं नको, तर ती चार दिवस रडली. शेवटी आमच्या मौलानांनी समजावलं, आजाऱ्याला सूट आहे, देणाऱ्यानंच दिलेली. तुमच्या देवीकडं नसेल का?"

मग मालकांना म्हणाल्या, "काका, आहार वाईट नव्हता. चार महिने उतरलेच ना? पण तो तुटपुंज्या खाण्याचा आहार आहे, त्याला राखण लागते. गोळ्या आणि जेवण जोडीनं कमी करायचं असतं. ह्यांनी जेवण काढून टाकलं आणि गोळ्या ठेवल्या. उपासाच्या दिवशी मी ताक-दही, पनीर, राजगिरा, मोजून शेंगदाणे असं बसवून दिलं असतं आणि डॉक्टरांनी गोळी कमी केली असती. नाहीतर सरळ सांगितलं असतं, ह्या वर्षी नको." मालक गेटवर पास तपासतात तशा नजरेनं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे ऑर्डर बरोबर हुती, रिपोर्टिंग चुकलं." मॅडम म्हणाल्या, अगदी तेच.

अंडं

एवढं होऊन माझ्या मनात एकच काटा होता. आत्याबाई आल्या नव्हत्या. घट तसाच टाकून मी दवाखान्यात, उपास मोडला, वॉर्डात सकाळी ताटात उकडलेलं अंडं आलं तेही मी परत पाठवलं. मला वाटायचं, त्या रागावल्यात.

आठव्या माळेला त्या आल्या. शालन त्यांना एसटीनं घेऊन आलेली. काठी टेकत वॉर्डात शिरल्या, माझ्या पायथ्याशी बसल्या आणि माझे पाय दाबायला लागल्या. सासूनं सुनेचे पाय. मी पाय ओढून घेतले. "आवं आत्याबाई, काय करताय?"

त्या बोलल्या, पण माझ्याकडं न बघता. "तू मरत हुतीस गं. आन मी तुला मळवट भरत बसले. तू चहा मागत हुतीस आन मी हात जोडून बसले." आणि ऐंशी वर्षांची ती बाई, जिला मी सासरे गेले तेव्हासुद्धा मोठ्यानं रडताना बघितलं नव्हतं, ती वॉर्डातल्या सगळ्यांसमोर हुंदके द्यायला लागली. मीही रडले. शालन तर आमच्या दोघींच्या वरताण.

तेवढ्यात दुपारचं ताट आलं. वरण-भात, भाजी आणि पुन्हा ते अंडं. मी ताट सरकवलं. "उद्यापर्यंत नको, आत्याबाई. नवमी तरी होऊ दे."

आमच्या घरात नवरात्रात अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आत्याबाईंनी डोळे पुसले, ते अंडं उचललं आणि सोलायला लागल्या. बोटं वाकडी, नखं झिजलेली, टरफल बारीक बारीक निघत होतं. अर्धं अंडं माझ्या तोंडाशी धरलं. "खा. देवीला मी सांगितलंया. म्हटलं, सुनेचा उपास मी सोडवला, काय इचारायचं ते मला इचार. बत्तीस वर्सं तिनं तुझ्यासाठी केलं, आता तू एक वर्स तिच्यासाठी कर."

मी खाल्लं. मीठ नव्हतं त्याला. आयुष्यात एवढं चवीचं अंडं खाल्लेलं नाही.

नव्वदच्या आत

किडनीच्या तपासण्या तीन आठवड्यांत जागेवर आल्या. एक गोळी कायमची बंद झाली. कागद नवा केला, थोडा सैल. ह्या वेळी माझ्याबरोबर मालक जायचे, दर पंधरा दिवसांनी, वही घेऊन. घरात साखर बघायचं मशीन आणलं. आत्याबाई चौथी शिकलेल्या, पण आकडे वाचायला त्यांनी ते मशीन ताब्यात घेतलं ते घेतलंच.

शालनला मी हाताला धरून डॉक्टरांकडं नेलं. माझ्या झेरॉक्सवर ती दोन महिने अंडी आणि वर दुकानातली प्रथिनांची पावडर खात होती. तपासणीत निघालं की तिची किडनी आधीपासूनच थोडी कमजोर होती, तिला कळलेलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एवढी प्रथिनं तुम्हाला नकोत. तो कागद मी तिच्यासमोर फाडला आणि कानाला खडा लावला. म्हणून इथं मी माझा आहार किती ग्रॅम, किती वेळा, ते लिहिलेलं नाही. कुणी फोन करून मागतं. मी सांगते, माझी पोळी माग, कागद मागू नको. तुझा कागद तुझं रक्त तपासून होतो. आणि कुठला उपास धरत असशील, संकष्टी, गुरुवार, रोजा, काहीही, तर तो पहिल्यांदा सांग. डॉक्टरला देव कळत नाही असं वाटत असेल तरी सांग.

उतरायला वेळ लागला. मधे दोन महिने काटा हललाच नाही, तेव्हा मी मॅडमच्या केबिनमध्ये थयथयाट केला. फेब्रुवारीत एकोणनव्वद पॉइंट सहा. मालकांनी काट्यासमोर सॅल्यूट मारला, सगळा दवाखाना बघत होता. उजवा गुडघा बदलला. डावा अजून रांगेत आहे. दुखलं, लय दुखलं, व्यायाम करताना फिजिओच्या पोराला मी शिव्या घातल्या आणि नंतर करंज्या दिल्या.

परवा पुन्हा नवरात्र आलं. नऊ दिवसांऐवजी उठता-बसता दोनच उपास ठेवले, तेही वाटून घेतले: पहिल्या दिवशीचा माझा, मॅडमना विचारून, गोळी बघून, शेवटच्या दिवशीचा मालकांचा. बायकांनी तोंडावर हात ठेवला. आत्याबाई म्हणाल्या, "देवीला चाललंया, तुमाला काय झालं?"

आठव्या माळेला कडाकण्या ओवल्या. घटावरची तार उंच आहे. सहा वर्षं ती माळ शालन नाहीतर मालक बांधायचे आणि मी खुर्चीत बसून सूचना द्यायची. ह्या वर्षी मी पाट सरकवला, भिंतीला हात लावला आणि उजवा पाय वर ठेवला. मग डावा. उभी राहिले. तारेला दोरी गुंडाळली आणि माझा हात थरथरायला लागला.

आत्याबाईंनी खालून ते बघितलं. ह्या वेळी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नाही. काठीसुद्धा न घेता मशीन आणलं, एका हातात गुळाचा खडा. मी पाटावरच उभी, त्यांनी माझं बोट ओढून टोचलं आणि मशीन डोळ्यांजवळ धरलं.

"एक, एक, आठ," त्यांनी वाचलं. "साखर तर ठीक हाय. मग हात कशानं कापतोय गं?"

"उभी हाय म्हणून, आत्याबाई," मी म्हटलं. "उभी हाय म्हणून."